छापील कथानक आणि आपला खेळ



सोंगे घेऊन खेळायचा बैठा खेळ हा काय व्याख्यानाचा विषय, असे काहींच्या मनात आलेच असेल. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक भूमिका घेतात. संवाद आयत्या वेळचे, यशापयश फाशांवर. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला आणि हा प्रकार रूढ झाला. एकच कथा महिनोन्महिने चालते. सूत्रधाराला रोज नवे कोठून सुचणार? म्हणून छापील कथानके विकत मिळतात. ती आपल्या चालू कथेत बसवावी कशी?

औरंगपुऱ्याच्या नाथमंदिरात कीर्तन ऐकणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. उत्तररंगातले आख्यान 'भक्तविजया'तून घेतले, तरी ते पूर्वरंगातल्या अभंगाला लागू पडावेच लागते.

गायगॅक्स यांचे 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' (१९७९) घ्या. सरहद्दीवरचा किल्ला आणि जवळच राक्षसांच्या गुहा. त्यात किल्लेदार आहे, पुजारी आहे. पण माणसांना नावेच दिलेली नाहीत! आम्हांस ही मोठी सोय वाटते. समजा, आपली कथा १६२० च्या सुमाराची, मलिक अंबरच्या खडकीतली आहे. किल्ला देवगिरीला नेता येईल. तिथली अंधारी आयतीच आहे. गुहा मात्र मकबऱ्यामागच्या लेण्यांत नेऊ नयेत. बुद्धमूर्तींच्या शेजारी राक्षस बसवणे आम्हांस रुचत नाही.

जागेचे असे भागते. माणसांचे तसे नाही. मागच्या बैठकीत खेळाडूंनी नहरीचे खापरी नळ फोडले असतील, तर खडकीचे पाणी तोडणाऱ्यांना हा किल्लेदार सुखासुखी आत घेईल काय? पुस्तक काही म्हणो, त्याने आधी पाण्याचा जाब विचारावा. पुस्तक अडते म्हणून सूत्रधाराने ती गोष्ट विसरल्यासारखे केले, की आपण काहीही केले तरी सारखेच, हे खेळाडू ओळखतात. आणि मग बैठकीला येईनासे होतात.

त्याच पुस्तकातला हसतमुख पुजारी आतून दगाबाज आहे. आज भेटला आणि आजच उलटला, तर चटका कोणाला बसणार? त्याला आपण बैरागी करू. तीन बैठका आधी तो पैठणच्या घाटावर भेटावा, कोणाची जखम बांधावी, कोणाची थैली सांभाळावी. पुढे अंधारीत शिरताना मशाल त्याच्याच हाती असावी.

आणि खेळाडूंनी त्याला पैठणलाच ओळखून हाकलले, तर? तर ती पाने खुशाल मिटावीत. बैरागी गेला, त्याचा राग खडकीत कोठेतरी हिंडत राहू द्यावा.