पदवीनंतरची उमेदवारी



पदवी हाती आली आणि नोकरी नाही, अशा मधल्या वर्षाला आपण ‘वाया गेलेले वर्ष’ म्हणतो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते कामगारांच्या खोल्यांतून आणि कायद्याच्या पुस्तकांतून. तेव्हा बोलणार आहे तेही एका कायद्याविषयीच.

१९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही दार उघडले. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना आता कारखान्यात वा कचेरीत विद्यावेतनावर काम शिकता येते.

पण हा कायदा उमेदवाराला कामगार मानीत नाही, शिकणारा मानतो. कायम नोकरीची हमी त्यात नाही. हीच फट धरून काही मालक शिकवीत काही नाहीत, काम मात्र पुरेपूर घेतात. म्हणून पालकहो, सही करण्यापूर्वी विचारा : करार लेखी आहे काय? त्याची नोंद होणार काय? शिकवणार काय? सरकारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून जादा काम घेता येत नाही, आणि शिकताना अपघात झाल्यास भरपाई मालकाने द्यायची, हेही ध्यानात असू द्या.

वर्षाअखेर मुलाला एकच विचारा : पूर्वी न येणारे कोणते काम आज तू एकट्याने करतोस? उत्तर आले, तर वर्ष कमावले. न आले, तर त्याला दोष देऊ नका. तक्रार गुदरायला त्याच्यासोबत चार माणसे जा.