लेकराच्या तोंडातले फोड आणि रक्ताचा कागद



पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा लेकरांचीच चर्चा जास्त झाली. अंगणवाडीतल्या पोरांना ताप, तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ. एक आजी म्हणाल्या, "म्हशीचं लाळ्या-खुरकूत लेकराला लागलं." त्यांनी नातवाचं दूधच बंद केलं. दुसऱ्या एका आईनं गटाकडं कर्ज मागितलं, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करायला. मग आम्ही आशाताई आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, तेच आज सांगतो.

हा हात-पाय-तोंडाचा आजार. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा विषाणू वेगळा, याचा वेगळा. म्हशीचा इथं काही दोष नाही. २०२२ साली केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून घबराट झाली, तोही याच आजाराचा प्रकार. पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त होतो आणि बहुतेक मुलं सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होतात. डॉक्टर तोंड आणि हात-पाय बघूनच ओळखतात, अशा लेकराला रक्त तपासणी सहसा लागत नाही.

मग रक्त कधी तपासतात? क्वचित हा विषाणू मेंदूपर्यंत जातो. १९९८ साली तैवानमध्ये अशा साथीत ७८ जण दगावले, त्यात बहुतेक लहान मुलं होती. मेंदूवर ताण आला की शरीर घाबरल्यासारखं वागतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. म्हणून मधुमेह नसलेल्या लेकराचीही साखर वाढलेली दिसते. पांढऱ्या पेशी वाढतात. रक्ताभिसरण कमी पडलं की लॅक्टेट नावाचं आम्ल साठतं. मात्र नुसत्या एका आकड्यावरून निदान होत नाही. डॉक्टर कागद आणि लेकरू दोन्ही बघून ठरवतात.

आपल्याला आकडे पाठ करायचे नाहीत. लेकराकडं बघायचं. झोपेत सारखं दचकतंय, पाय लटपटतात, उलट्या थांबत नाहीत, धाप लागली, हात-पाय गार पडले, तीन दिवसांपुढं ताप आहे, गुंगी आहे, सात-आठ तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. १०८ ला फोन करा. रात्र असली तरी करा.

एरवी घरी थंड ताक, पेज, मऊ भात द्या. अंगावरचं दूध चालू ठेवा. तापाचं औषध डॉक्टरांना विचारून, अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका. विषाणू शौचातून काही आठवडे बाहेर पडतो, म्हणून शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा. फोड सुकेपर्यंत लेकराला अंगणवाडीत पाठवू नका.

आमच्या गटानं एक ठराव केला. लेकराच्या तातडीच्या दवाखान्यासाठी पैसे बैठकीची वाट न बघता, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीनं त्याच दिवशी द्यायचे. तुमच्या गटातही हे बोलून बघा. आणि हो, त्या आजींचा नातू आता पुन्हा दूध पितोय.