शाळेनंतरचे पदार्थविज्ञान
(भाषणाचा मजकूर)



ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात पाळी करून दिघ्याला परतणाऱ्या माणसापुढे पदार्थविज्ञानाचा विषय काढला, तर तो बहुधा हसून म्हणेल, "ते शाळेतच राहिले." त्याने न्यूटनचे नियम पाठ केले, गुण मिळवले आणि पुस्तक रद्दीत गेले. विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाशी मात्र त्याची ओळख कोणी करून दिलीच नाही. ज्याची ओळखच नाही त्याचा कंटाळा आला, असे कसे म्हणावे?

ही ओळख करून देण्याची तळमळ डॉ. जयंत नारळीकर यांना होती. 1972 मध्ये इंग्लंडहून परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आइनस्टाइनच्या सिद्धांतातून निघालेली कल्पना अशा रीतीने मराठी वाचकाच्या घरी पोहोचली.

हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या दिघा गाव स्थानकाच्या फलाटावर उभे राहावे आणि समोरून जाणाऱ्या लोकलमध्ये दोन आरसे, एक खाली व एक वर, बसवले आहेत अशी कल्पना करावी. त्यांच्यामध्ये प्रकाशाचा किरण वरखाली धावतो आहे. डब्यातील प्रवाशाला त्याचा मार्ग सरळ उभा दिसेल. फलाटावरच्या माणसाला तो तिरका, म्हणजेच अधिक लांब दिसेल. प्रकाशाचा वेग मात्र दोघांनाही तेवढाच भरतो. मग तिरक्या वाटेला वेळ अधिक लागणारच. म्हणजे फलाटावरून पाहता गाडीतले घड्याळ मंद चालते. किती मंद, हे काटकोन त्रिकोणावरून निघते आणि त्याला लागतो तो पायथागोरसचा सिद्धांत. दहावी झालेल्या प्रत्येकाजवळ तो आहे. (ठाणे-वाशी लोकलच्या वेगाला हा फरक अत्यंत सूक्ष्म आहे. गाडीच्या विलंबाचा दोष आइनस्टाइनच्या माथी मारता येणार नाही!)

मोबाइलवरील नकाशासाठी मात्र हा हिशेब टाळता येत नाही. दिशादर्शक उपग्रहांची घड्याळे वेगामुळे मागे पडतात, तर उंचीवरील क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे त्याहून अधिक पुढे जातात. एकंदरीत ती दररोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातील. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरची चूक साचेल आणि दिघ्याला निघालेला मालट्रक खाडीपलीकडे पत्ता शोधत बसेल.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर देत. 2025 मध्ये ते गेले. पाळीवरून परतणाऱ्या माणसाला मात्र आजवर कोणी प्रश्न मागितलेलाच नाही. सायंकाळी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवणे आणि फळ्यावर तो काटकोन त्रिकोण काढणे, एवढे उपस्थित शिक्षकांना व लोकप्रतिनिधींना सहज जमण्याजोगे आहे.