दूरस्थ टर्मिनल : पडदा आणि जोडणी

(प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय जनतेच्या जवळ यावे, हा त्यामागील हेतू. तथापि सिरोंचा व भामरागड येथून ते आजही दूरच आहे. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा मार्ग बंद झाल्याचे प्रसंग आपणांस नवे नाहीत. नेमक्या अशा वेळी मुख्यालयातील सर्व्हरवरील काम अडले आणि तंत्रज्ञ पलीकडे अडकला, तर मोबाईलमधील दूरस्थ टर्मिनलचे ॲप उपयोगी पडते. ते प्रत्येकाने वापरावे असे नव्हे. परंतु गावाची कागदपत्रे ज्याच्या हाती आहेत, त्याला योग्य प्रश्न विचारण्याइतके ज्ञान आपणांस हवे.

प्रथम पडद्याविषयी. १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर एका ओळीत ८० अक्षरे व एकूण २४ ओळी मावत. तीच प्रथा पुढे रूढ झाली. उभ्या धरलेल्या मोबाईलवर इतकी अक्षरे वाचनीय आकारात मावत नाहीत. ओळ मोडते आणि आज्ञा वाचण्यात चूक होते. म्हणून अक्षर अतिसूक्ष्म करण्यापेक्षा मोबाईल आडवा धरावा. उन्हात पांढऱ्यावर काळी अक्षरे ठेवावीत. कंट्रोल, एस्केप व टॅब या कळींची पट्टी पडद्यावर असावी. अक्षरसंकेत यूटीएफ-८ निवडावा. अन्यथा देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. मात्र टर्मिनल सारख्या रुंदीच्या घरांत अक्षरे बसविते, त्यामुळे जोडाक्षरे व मात्रा पुष्कळदा विस्कटतात. मूळ नोंद बिघडली, असे समजून ती 'दुरुस्त' करू नये. शेतकऱ्याचे नाव अशाने खरोखरच बिघडेल!

आता जोडणी. फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सुरक्षित पद्धत निर्माण केली. तीत सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व पोर्ट भरावे लागते. प्रचलित पोर्ट २२ होय. पहिल्या भेटीत ॲप सर्व्हरचा 'ठसा' दाखविते. तो कार्यालयाकडून पडताळल्यावाचून 'होय' म्हणू नये. पासवर्डपेक्षा किल्लीजोडी बरी. खाजगी किल्ली सांकेतिक वाक्याने बंदिस्त करावी व मोबाईल हरवल्यास सर्व्हरवरील तिची जोडीदार किल्ली तत्काळ काढून टाकावी.

एका कार्यालयात मी पाहिले आहे : यादी अद्ययावत होत असता नेटवर्क गेले आणि काम अर्ध्यावर थांबले. कोठपर्यंत झाले, हे शोधण्यात दिवस गेला. निष्क्रिय जोडणी तुटू नये म्हणून दर मिनिटास एक संकेत जाईल अशी व्यवस्था करता येते. पण जंगलात नेटवर्कच गेल्यास तिचा उपयोग नाही. त्याकरिता सर्व्हरवर स्क्रीन किंवा टीमक्स हा प्रोग्राम सुरू करून त्यात काम करावे. जोडणी तुटली तरी काम चालू राहते व पुन्हा जोडताच तेथेच पोहोचता येते. २०१२ मध्ये एमआयटीतून आलेले मॉश हे साधन तर नेटवर्क बदलले तरी संबंध टिकविते.

वाट तुटली तरी काम तुटू नये, हेच या मांडणीचे सार. ती पावसाळ्यापूर्वीच तपासून ठेवावी, एवढीच विनंती.