टॅप मोडतो कशामुळे?

(तांत्रिक वर्गाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोकात आटे पाडण्याचे काम फिटरकडे येते ते बहुधा सर्वात शेवटी. ओतारी, टर्नर, ड्रिलवाला यांचे काम झालेले असते. अशा वेळी टॅप आत मोडला तर या सर्वांची मेहनत पणाला लागते. टॅपचे पोलाद इतके कडक असते की मोडका तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. म्हणून टॅप मोडतो कशामुळे, एवढाच प्रश्न आज आपण विचारात घेऊ.

पहिले कारण भोकाचे माप. नियम सोपा आहे: बोल्टच्या व्यासातून पिच वजा करा. एम 10 चा पिच 1.5 मि.मी., म्हणून ड्रिल 8.5 चे. एम 8 ला 6.8 आणि एम 6 ला 5. भोक लहान ठेवले की आटे भरदार येतील असे तुम्हाला वाटेल. परंतु मग टॅपला जास्त धातू कापावा लागतो आणि तो पिळवटून मोडतो. भोक मोठे झाले तर टॅप वाचतो, पण आटे उथळ होतात आणि बोल्ट आवळताच झडतात.

दुसरे कारण चुकीची निवड. जुन्या इंग्रजी यंत्रांवर व्हिटवर्थ आटे असतात. त्यांचा कोन 55 अंशांचा, तर मेट्रिकचा 60 अंशांचा. अर्धा इंची व्हिटवर्थमध्ये इंचाला 12 आटे, तर त्याच व्यासाच्या अमेरिकी जाड आट्यांत 13. नुसत्या नजरेवर विसंबू नका. थ्रेड गेज लावूनच टॅप उचला.

हाताच्या टॅपचा संच तिघांचा असतो. पहिल्याच्या टोकाला लांब उतार, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला अगदी थोडा. पहिला वाट धरतो. तिसरा बंद भोकाच्या तळापर्यंत आटे नेतो. क्रम मोडून तिसऱ्यानेच सुरुवात केली, तर तो सरळ धरतच नाही. यंत्रावर काम असेल तर आरपार भोकाला कीस पुढे ढकलणारा स्पायरल पॉइंट टॅप घ्या, आणि बंद भोकाला कीस वर ओढणारा स्पायरल फ्लूट टॅप.

तिसरे कारण आपला हात. दोन-तीन फेरे झाले की हँडल काढून गुण्या दोन बाजूंनी लावून पाहा. तिरपा गेलेला टॅप पुढे जोराने सरळ करू नका. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. पोलादाला कटिंग ऑईल, ॲल्युमिनियमला रॉकेल. बीड मात्र कोरडेच कापावे. बंद भोक आट्यांच्या खोलीपेक्षा थोडे अधिक खोल पाडा आणि मधूनमधून कीस काढा.

टॅप मोडण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. हँडल जड होते, किंचित पिळल्यासारखे वाटते, सोडताच मागे उसळते. त्या क्षणी थांबणारा हात हाच शिकलेला हात. उद्या तुम्ही कारखान्यात उभे राहाल, तेव्हा प्रमाणपत्रानंतर लोक तुमचा हा हातच पाहतील. तो आजच कमवा.