कडेने धावणारा कर्णधार



फुटबॉलमध्ये विंगरची जागा मैदानाच्या कडेला असते. प्रदीपकुमार बॅनर्जी यांची कारकीर्दही कोलकात्याच्या बलाढ्य संघांच्या कडेनेच बहरली. १९३६ मध्ये जलपाईगुडी परिसरात जन्मलेले बॅनर्जी १९५५ मध्ये पूर्व रेल्वेच्या संघात आले आणि तेथेच राहिले. मोहन बागान वा ईस्ट बंगालकडून ते कधी खेळले नाहीत. १९५८ मध्ये याच रेल्वेसंघाने कोलकाता लीग जिंकली. तीन बड्या संघांबाहेरील कोणाला ते पुन्हा साधण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. फ्रान्सशी झालेल्या बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच होता. १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही पहिला गोल त्यांनी केला आणि आशियाई सुवर्णपदक भारताला लाभले.

निवृत्तीनंतर ज्या दोन संघांकडून ते खेळले नव्हते, त्यांनीच त्यांना प्रशिक्षक म्हणून सन्मानाने बोलाविले.

परप्रांतातील मराठी शाळाही मोठ्या नावांच्या कडेनेच साठ वर्षे चालत आली आहे. पाल्यासाठी शाळा निवडताना पालकांनी पूर्व रेल्वेचा तो संघ अवश्य आठवावा.