कर्ज किती, यापेक्षा ते फेडायचे कधी?



ऋण काढून सण करणे आपल्या घरांत आजही कमीपणाचे मानले जाते. म्हणूनच एखाद्या नामवंत उद्योगावर हजारो कोटींचे कर्ज आहे असे वाचले, की मध्यमवर्गीय मनात शंकेची पाल चुकचुकते. वस्तुत: उद्योगाला कर्ज निषिद्ध नाही. ज्या कारखान्याचे उत्पन्न वीस वर्षे मिळणार, त्याचा भार काही वर्षांवर विभागला तर त्यात गैर काय? धोका दडलेला असतो तो अन्यत्र. कर्ज किती मुदतीचे आहे, आणि त्याचे व्याज स्थिर आहे की बदलते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत. टाटा मोटर्सच्या इतिहासातील एक वर्ष या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

२ जून २००८ रोजी या कंपनीने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर हे ब्रिटिश मोटारउद्योग २३० कोटी डॉलर्सना विकत घेतले. देशभर अभिमानाची लाट उसळली, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र या व्यवहारासाठी उचललेले ३०० कोटी डॉलर्सचे कर्ज अवघ्या एका वर्षाच्या मुदतीचे होते. अर्थव्यवहारात याला 'ब्रिज लोन' म्हणतात. पैलतीरावर दीर्घ मुदतीचे भांडवल मिळेल, या भरवशावर बांधलेला हा तात्पुरता साकव. घेतलेली मालमत्ता पिढ्यांची आणि कर्ज बारा महिन्यांचे, अशी ही विसंगती होती.

त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच, १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली आणि पैलतीरच दिसेनासा झाला. बँका एकमेकींनाही पैसे देण्यास कचरू लागल्या. महागड्या मोटारींची मागणी आटली. कंपनीने हक्कभाग विक्रीस काढले, परंतु बाजारातील भाव इतका घसरला होता की भागधारकांनी पाठ फिरवली. न विकलेल्या भागांचा मोठा वाटा प्रवर्तकांनाच उचलावा लागला. त्यात रुपया घसरला. व्यवहाराच्या वेळी ४२-४३ रुपयांना मिळणारा डॉलर मार्च २००९ मध्ये ५१ रुपयांच्या आसपास पोहोचला. ३०० कोटी डॉलर्सचे कर्ज तसेच राहिले असते, तर एक पैसाही नव्याने न उचलता ते सुमारे अडीच हजार कोटी रुपयांनी वाढले असते! त्या आर्थिक वर्षात समूहाच्या एकत्रित ताळेबंदात सुमारे २,५०० कोटी रुपयांचा तोटा नोंदला गेला.

मग मार्ग कसा निघाला? कंपनीने थेट सामान्य ठेवीदारांपुढे हात पसरला. तीन वर्षांच्या मुदतठेवीवर सुमारे ११ टक्के व्याज देऊ केले. कंपनीची ठेव विनातारण असते, तिला बँकठेवीसारखे विम्याचे कवच नसते, हे किती घरांत विचारात घेतले गेले असेल? नावावरचा विश्वासच तेथे तारण ठरला. पुढे मे २००९ मध्ये बँकांच्या हमीवर ४,२०० कोटी रुपयांचे रोखे काढण्यात आले. त्यांची रचना मार्मिक होती. परतफेड एकदम नव्हे, तर २०११, २०१३, २०१४ आणि २०१६ अशा चार वर्षांत. दरवर्षीचे व्याज केवळ २ टक्के, उरलेला मोबदला मुदतीअखेर अधिमूल्याच्या रूपाने. म्हणजे अडचणीच्या काळात रोकड वाचावी आणि भार सुगीच्या दिवसांवर जावा. मूळ कर्जाच्या काही भागाची मुदत धनको बँकांनी वाढवून दिली. ऑक्टोबर २००९ मध्ये परदेशी बाजारातून आणखी ७५ कोटी डॉलर्स उभे राहिले.

हे झाले मुदतीचे. व्याजदराची जोखीम हा निराळा विषय आहे. समजा, एखाद्या उद्योगाचे १,००० कोटींचे कर्ज बदलत्या दराचे आहे. दर एक टक्का वाढला, की वर्षाला दहा कोटी गेले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्के झाला, हे गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. उद्योग अशा वेळी बँकेशी 'स्वॅप'चा, म्हणजे व्याजाच्या अदलाबदलीचा करार करतात. कंपनीने बँकेला ठरावीक ८ टक्के द्यायचे, बँकेने कंपनीला बदलता दर द्यायचा. दर साडेनऊ झाला तर १५ कोटी बँकेकडून येतात. साडेसहा झाला तर तेवढेच कंपनीच्या खिशातून जातात. या दुसऱ्या प्रसंगी वित्त विभागावर खापर फोडणारे संचालक असतात. घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे म्हणण्यासारखेच ते! अर्थात संरक्षणाच्या नावाखाली सट्टा खेळण्याचा मोहही खरा आहे. २००७-०८ मध्ये चलनाचे असे किचकट करार करून आपल्याकडील कित्येक निर्यातदार पोळले होते.

जग्वार लँड रोव्हरने मे २०११ मध्ये आपले पहिले रोखे काढले ते पौंड आणि डॉलर या दोन्ही चलनांत, सात आणि दहा वर्षांच्या मुदतीने. मोटारी याच चलनांत विकल्या जात, त्यामुळे कर्ज आणि उत्पन्न एकाच चलनात आले. पौंडातील रोख्यांवर तब्बल ८.१२५ टक्के व्याज होते. महागच, पण स्थिर, आणि परतफेड २०१८ मध्ये. धंदा सावरला, पत वाढली आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याच कंपनीला २०२२ पर्यंतच्या मुदतीचे पौंडातील रोखे ५ टक्क्यांनी विकता आले.